खाज नाही, दुखत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

नवीन वही. संकल्प तीन. एक, रोज लिहायचं. दोन, जेवल्या जेवल्या आडवं व्हायचं नाही. तीन, महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात डोक्यापासून पायापर्यंत स्वतःची त्वचा नीट पाहायची.

तिसरा संकल्प क्लिनिकच्या डॉक्टर सरांमुळे. आज दुपारी एका पेशंटला सांगत होते, लोक गाडीवरचा ओरखडा रोज बघतात, स्वतःची पाठ वर्षात एकदा बघत नाहीत. मी दाराबाहेरच्या टेबलाशी नंबर द्यायला बसते, दार पातळ आहे, त्यामुळे सगळं ऐकू येतं. चार वर्षं ऐकतेय. त्वचारोगाची निम्मी डॉक्टरकी माझी बसल्या जागी झाली आहे. मुरुम: औषध सुरू केल्यावर दोन-तीन महिने धीर धरायचा. नायटा: दिसेनासा झाला तरी औषध पूर्ण करायचं. कोरडी त्वचा: अंघोळ झाल्यावर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. लोकांना एवढं साधं कळत नाही, याचं आश्चर्य वाटतं.

संध्याकाळी दिव्याखाली पाहणी केली. उजव्या हाताला, कोपराच्या खाली, बाहेरच्या बाजूने एक फिकट डाग. लिंबाएवढा. खाज नाही. दुखत नाही. सुटले!

निदान: बाही टेबलाच्या कडेला घासून आलेला कोरडेपणा. उपाय: मॉइश्चरायझर, दोन वेळा, दहा दिवस. गेला नाही तर सरांना दाखवायचं. हे लिहून ठेवलं आहे, म्हणजे पळवाट नको.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दहा दिवस झाले. डाग आहे. पण मधले दोन दिवस सकाळचं लावायला विसरले होते, म्हणजे खरे आठच.

तरी शब्द तो शब्द. सरांना दाखवायचं ठरवलं आणि दारापर्यंत गेलेही. मग विचार आला, सर स्टाफकडून फी घेत नाहीत. म्हणजे आत जाऊन हात पुढे करणं ही भीकच. शिवाय बाहेर नऊ जण बसलेले. त्यांच्या पुढे घुसायचं कोणत्या तोंडाने?

लहानपणी मला दमा होता, म्हणून दहा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. आमच्याच घरात राहणाऱ्या आत्याने मला शिकवलं. तिने तीन गोष्टी हाडात मुरवल्या: रांग मोडायची नाही, ओळखीचा फायदा घ्यायचा नाही, आणि अक्षर असं काढायचं की वाचणाऱ्याला आपला चेहरा दिसला पाहिजे.

तेव्हा रीतसर मार्ग. अपॉइंटमेंटच्या रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव स्वतः लिहिलं. टेबलाचा नियमही स्वतःला लावला. नियम माझाच आहे: खाज किंवा दुखणं असेल तर दोन दिवसांत नंबर, नुसता डाग असेल तर तीन आठवड्यांनी. गर्दी कशी छान आटोक्यात आली, असं सर एकदा म्हणाले होते.

६ मार्च, गुरुवार, चार चाळीस. शेवटचा नंबर. मन हलकं झालं.

६ मार्च, गुरुवार

चार वाजता एक बाई आल्या. चेहरा भाजल्यासारखा लाल, गालावर बारीक पुळ्या, डोळ्यांत पाणी. उजळ दिसायला कोणतीशी ट्यूब वर्षभर लावत होत्या. बंद केली की चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा लावायची. आत सरांनी विचारलं, ट्यूब दिली कोणी? नणंदेने. नणंदेला कोणी? पार्लरवालीने. तिला कोणी? औषधाच्या दुकानदाराने. सर म्हणाले, वा, सगळ्या गावाने दिली, फक्त डॉक्टरने दिली नाही. ट्यूब स्टिरॉइडची निघाली.

नंबर नव्हता, त्यांना माझा दिला. जळजळ होती, नियमात बसतं. माझं नाव खोडून पुन्हा तीन आठवड्यांनी, २७ मार्चला लिहिलं.

लोक स्वतःला किती फसवतात! वर्षभर आरशात बघत होती ती बाई.

१९ मार्च, बुधवार

इस्त्री करताना हात भाजला. मला कळलं नाही. आईला वास आला. ती ओरडली तेव्हा पाहिलं, तर इस्त्रीची कड कोपराखाली टेकलेली. डागावरच. फोड आला आहे, बोटभर लांब. दुखत मात्र अजिबात नाही.

आई रडायलाच लागली. मी तिला समजावलं, माझी सहनशक्ती वाढली आहे. क्लिनिकमध्ये रोज लोकांचं दुखणं पाहून मन घट्ट होतं, मनाबरोबर कातडीही. आत्या पुस्तक मिटून म्हणाली, अगं, भाजलं की हात काढायचा असतो. एवढंही माझ्याकडून शिकवायचं राहिलं का?

सगळे हसले. आत्या सोडून.

ता. क. हल्ली कोपर टेबलाला लागलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. टेबल चुकीच्या जागी आहे. उद्या चार बोटं डावीकडे सरकवायचं.

२७ मार्च, गुरुवार

टेबल सरकवलं. झिणझिण्या आहेतच. खुर्चीचा दोष असावा.

आज माझी तारीख. साडेचारला एक बस ड्रायव्हर आला, बायको, आई आणि तीन मुलांसकट. सगळ्यांना नायटा, सगळे खाजवतायत. एकाच टॉवेलने सहा जण अंग पुसतात. सर आत म्हणाले, आजपासून सहा टॉवेल. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, दोरी एकच आहे वाळत घालायला. सर म्हणाले, मग दोरीही दुसरी बांधा, आणि औषध सहाही जणांनी एकदमच करायचं, नाहीतर तुमच्या घरात नायटा बसच्या फेऱ्या मारत राहील.

सहा जणांपुढे माझा एक डाग काय? नाव पुढे ढकललं. १७ एप्रिल.

ड्रेसिंगच्या सिस्टरांनी माझ्या हातावरची पट्टी पाहिली. जखम आठ दिवसांनीही ओली कशी, विचारलं. दुखतं किती? मी म्हटलं, मुळीच नाही. त्यांचा हात थांबला. पट्टी अर्धवटच राहिली. म्हणाल्या, आत जा, सरांना दाखव. आत्ता.

मी म्हटलं, माझी तारीख सतराची आहे.

तारीख कसली गं? दार ढकल आणि जा.

मी त्यांना रांगेचं तत्त्व समजावलं. सिस्टर म्हणाल्या, तत्त्वाला पण पट्टी बांधून देऊ का?

तोंडाने फटकळ, पण मनाने चांगल्या आहेत. यापुढे पट्टी घरीच बदलायची.

४ एप्रिल, शुक्रवार

पेनं पूर्वीसारखी राहिली नाहीत. या आठवड्यात तीन बदलली. रेघ थरथरते. माझा पाच आणि माझा चार आज एका पेशंटला चिठ्ठीवर वेगळे ओळखू आले नाहीत, त्यामुळे दोन पेशंट एकाच वेळेला हजर. दोघांनीही मला सुनावलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

संकल्प: रोज रात्री एक पान शुद्धलेखन.

सोरायसिसचे आजोबा आले होते. दर आठवड्याला यंत्रापुढे उभं राहून प्रकाशाचे उपचार घेतात. त्यांच्या कोपरांवरची खपली बघून शेजारच्या बाई उठून दूर बसल्या. मी त्यांना सगळ्यांदेखत सांगितलं, हा रोग स्पर्शाने पसरत नाही, आणि माहीत नसेल तर माणसाने विचारावं, उठू नये. आजोबांचे डोळे भरून आले. मला बरं वाटलं. अज्ञान वाईट.

जाताना आजोबा म्हणाले, पोरी, तुझी करंगळी कुणाशी भांडलीय का? पाहिलं, तर कप धरला होता आणि उजवी करंगळी बाकीच्या बोटांपासून लांब, एकटी उभी. जवळ आणली. पुन्हा लांब गेली. सिस्टर लांबून बघत होत्या. एरवी राणीसाहेब म्हणून चिडवलं असतं. आज त्यांनी सरांच्या दाराकडे पाहिलं.

१७ एप्रिल, गुरुवार

मुरुमांचा मुलगा आला. हनुवटीवर मोठमोठ्या गाठी, दाबलं की कळ. कळ म्हणजे दुखणं, आणि दुखणं म्हणजे आधी. त्याला नंबर दिला. मला १५ मे. या वेळी चार आठवडे, कारण तीन आठवड्यांनंतरचे नंबर मी दुसऱ्या नुसत्या डागवाल्यांना देऊन टाकले होते. न्याय सगळ्यांना सारखा.

दुपारी गर्दी ओसरल्यावर भिंतीवरचे तक्ते सरळ केले. एका तक्त्यावर मीच मागच्या वर्षी कॅलेंडर टांगलं आहे. तो तक्ता वाचून लोक बसल्या बसल्या स्वतःला चिमटे काढून बघायचे आणि घाबरून मला प्रश्न विचारायचे. आज धूळ पुसायला कॅलेंडर उचललं.

वाचायची गरज नव्हती. मला तो पाठ आहे. फिकट डाग. खाज नाही, दुखत नाही. स्पर्श कळत नाही. हातापायाची ताकद कमी.

कॅलेंडर परत टांगलं.

आमच्या घरात टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. पाणी उकळून. आई दारात चपला काढायला लावते. तो रोग आमच्यासारख्या घरात येत नाही. त्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं म्हणजे मानलं, आणि मी मानत नाही.

शुद्धलेखन: अर्धं पान. वही लहान आकाराची आहे, म्हणून अक्षर दाटीवाटीने येतं.

२८ एप्रिल, सोमवार

मॉइश्चरायझर बदललं. फरक जाणवतो. म्हणजे डागावर फरक नाही, पण वास छान आहे.

स्वतःच एक परीक्षा घेतली. पिन, उलट्या बाजूने. डावा हात: कळतं. उजवा हात: कळतं. नंतर लक्षात आलं की मी बघत होते. बघितल्यावर कळणारच. डोळे मिटून करायला हवं होतं.

डोळे मिटून केलं नाही. उशीर झाला होता. पावणेआठ.

३ मे, शनिवार

बटणं लावायला वेळ लागतो. शिंपी हल्ली काजं बारीक करतात. किल्ली कुलपात फिरत नाही. कुलपाला तेल घातलं.

संध्याकाळी शुद्धलेखन करत होते. आत्या मागे येऊन कधी उभी राहिली कळलं नाही. तिने वही उचलली आणि मागची पानं चाळली. फेब्रुवारीतलं पान, मग आजचं पान. मग फेब्रुवारीतलं. मी म्हटलं, पेन नीट चालत नाही गं. तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली एक ओळ लिहिली. मोत्यासारखी आली.

पेन माझ्यापुढे ठेवून म्हणाली, हात दाखव.

मी दोन्ही हात पुढे केले. लहानपणी नखं तपासायची तसे. ती उजव्या हाताकडे बघत राहिली. अंगठ्याच्या मागचा मांसल भाग खोलगट झाला आहे, ते मीही आजच पाहिलं. आत्या म्हणाली, डॉक्टरांना कधी दाखवतेस? मी म्हटलं, पंधरा तारखेला, रीतसर नंबर आहे. ती म्हणाली, त्यांच्या दारापासून तुझी खुर्ची किती लांब आहे? मी म्हटलं, चार पावलं, पण प्रश्न पावलांचा नाही, तूच शिकवलंस.

आत्या वही मिटून आत गेली. पटलं असावं.

१२ मे, सोमवार

सकाळी अकराला क्लिनिकचा फोन वाजला. पलीकडून आत्या. अहोजाहो करून बोलत होती. म्हणाली, मला नंबर हवा आहे. मी म्हटलं, आत्या, तुला काय झालं? ती म्हणाली, सगळ्या अंगाला खाज सुटली आहे. रात्रभर झोप नाही. मी विचारलं, सकाळी डबा दिलास तेव्हा काही बोलली नाहीस? ती म्हणाली, तुमच्याकडे खाज असली की दोन दिवसांत बघतात म्हणे, खरं ना?

खरंच आहे. बुधवारी १४ तारखेला चार चाळीसला लिहिलं. घरचं माणूस म्हणून सवलत दिली नाही, नियमात बसत होतं.

संध्याकाळी घरी बघितलं, एकदाही खाजवलं नाही. वयामुळे माणसं सोसतात. उद्या तिचा टॉवेल गरम पाण्यात घालायचा.

१४ मे, बुधवार

जे झालं ते क्रमाने लिहिते.

आत्या चार वाजता आली, चाळीस मिनिटं रांगेत बसली. नंबर आल्यावर उठली आणि दाराकडे न जाता माझ्या टेबलाशी आली. माझं डावं मनगट धरलं. म्हणाली, चल. मी म्हटलं, पेशंटबरोबर मी आत जात नाही. ती म्हणाली, पेशंट तूच आहेस. मला कुठेही खाज नाही. खोटं बोलले, रांग मोडली, ओळख वापरली. एका फोनमध्ये तिन्ही. आता ऊठ.

बाहेरचे सगळे बघत होते. सिस्टरांनी दार उघडून धरलं होतं. त्यांना आधीच माहीत असावं.

सरांनी पट्टी काढली. चेहरा नेहमीसारखाच ठेवला. पेशंट तपासतानाचा त्यांचा चेहरा मी चार वर्षांत कधी पाहिला नव्हता, फक्त आवाज ऐकला होता. म्हणाले, डोळे मीट. कापसाने स्पर्श करीन, जिथे कळेल तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेव.

डावीकडे तीनदा बोट ठेवलं. तिन्ही बरोबर, सर म्हणाले. मग उजवा हात. मी वाट पाहत राहिले. बाहेर माझा फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. पंखा कुरकुरत होता. बराच वेळ झाला. मी म्हटलं, सर, सुरू केलंत की सांगा.



डोळे उघडले. कापूस माझ्या हातावरच होता. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या.

मग सरांनी करंगळी आणि शेजारचं बोट यांच्यात कागद धरायला दिला. मी सगळा जोर लावला. सरांनी तो असा काढला, जसा टेबलावर पडलेला उचलतात. कोपरामागे चाचपलं. नस दोरीसारखी जाड झाली आहे, म्हणाले. तिथे दाबल्यावर मात्र दुखलं. मी ओरडले. इतक्या दिवसांनी हात दुखला, आणि क्षणभर मला आनंदच झाला.

सर म्हणाले, कुष्ठरोग आहे. सरळ म्हणाले, आवाज न उतरवता. त्वचेचा नमुना तपासायला पाठवू, पण शंका नाही. सहा महिने गोळ्या, न चुकता. पूर्ण बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागण्याची भीती उरत नाही. घरातल्या सगळ्यांना एकदा तपासायचं. आत्याने लगेच बाही वर केली. म्हणाली, मी आलेच आहे.

मी सांगितलं, आमच्याकडे टॉवेल वेगळे आहेत. सर म्हणाले, असू देत. त्याचा संबंध नाही.

नसेचं वेगळं, म्हणाले. तिची सूज उतरवायला दुसऱ्या गोळ्या. स्टिरॉइड. (चेहऱ्याच्या बाईला मी काय काय बोलले होते, मनात.) करंगळी कधीपासून अशी? मी म्हटलं, एप्रिलपासून. मार्चअखेरपासून. सर म्हणाले, नस गेल्याला सहा महिने व्हायच्या आत आलीस हे चांगलं. डाग कधी दिसला? मी म्हटलं, तीन फेब्रुवारी. लिहून ठेवलंय. ते म्हणाले, फेब्रुवारीत आली असतीस तर…

आणि केसपेपरवर लिहायला लागले. मी वाट पाहिली.

मग सरांनी विचारलं, नुसत्या डागाला तीन आठवडे, हा नियम कोणाचा? मी म्हटलं, माझा. तुम्ही छान म्हणाला होतात. सरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, मी गर्दीला छान म्हणालो होतो. नियम विचारलाच नाही. उद्यापासून उलट. ज्या डागाला खाज नाही आणि जो दुखत नाही, तो आधी.

घरी येताना आत्या माझ्या उजव्या बाजूने चालली. कोपऱ्यावर म्हणाली, शिकवणीत काहीतरी चुकलंच माझं. मी म्हटलं, नाही गं. माझा आवाज मलाच खोटा वाटला. मी घाबरले होते. फेब्रुवारीपासून घाबरले होते, रांग वगैरे काही नव्हतं.

हे वाक्य खोडणार नाही.

१५ मे, गुरुवार

आज माझी रीतसर तारीख होती. चार चाळीस. नाव खोडलं. तिथे एका रंगाऱ्याला बोलावलं. त्याच्या खांद्यावर फिकट डाग आहे, मार्चपासून दोनदा पुढे ढकललेला. त्याने विचारलं, आता एवढी घाई का? मी म्हटलं, या तुम्ही.

भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. एका मुलाने तक्ता वाचून स्वतःला चिमटा काढला. मी काढू दिला.

महिन्याच्या गोळ्यांपैकी पहिला डोस सिस्टरांसमोर घ्यायचा असतो. साडेपाचला पाकीट घेऊन त्या माझ्या टेबलाशी आल्या. सांगितलं, उद्या लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. मी म्हटलं, बाहेर सात जण थांबलेत, तेवढे झाले की घेते.

सिस्टर म्हणाल्या, तोंड उघड.

सगळ्यांसमोर उघडलं. गोळ्या मोठ्या आहेत. एक घशात अडकली, पाणी प्यायले. पेला डाव्या हाताने धरला.

मग हळूच विचारलं, करंगळी जागेवर येईल ना? सिस्टरांकडे कशालाही उत्तर तयार असतं. त्यांनी पाकिटाची कड दुमडली, उघडली, परत दुमडली.

म्हणाल्या, अजून थोडं पाणी पी.